चेहरा क्रमांक चौदा

माझ्या आईची दाढ दुखते हे आमच्या देशात निदान चाळीस हजार लोकांनी पाहिलं आहे. खरं म्हणजे तिला दाढच नाही, तोंडात सगळी कवळी आहे. पण 'गाल धर, डोळे मीट, ठणका लागलाय असं समज' म्हटलं की ती असा चेहरा करायची की बघणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे जावा. तो फोटो दवाखान्यांनी घेतला, मलमवाल्यांनी घेतला, विमावाल्यांनी घेतला आणि, का कोण जाणे, एका बूट बनवणाऱ्यानेही घेतला.

हा माझा धंदा. मी स्टॉक फोटो काढते. कुणी सांगून काढत नाही. आधी काढून ठेवते, इंटरनेटवरच्या बाजारात टांगते, ज्याला हवा तो उचलतो. लग्नाचे फोटो मी वीस वर्षं काढले आणि नवरीच्या आत्यांची बोलणी खाऊन खाऊन कंटाळले. त्यापेक्षा हे बरं, गिऱ्हाईकाचं तोंड बघावं लागत नाही. कोरियातल्या गुनसान बंदरापासून दोन गल्ल्या आत आमचं घर, समोरच्या खोलीत पांढरा पडदा आणि दोन दिवे, एवढाच माझा स्टुडिओ. मॉडेल परवडत नव्हती म्हणून आईला उभं केलं. चू पिल-सुन, वय एक्याऐंशी, सगळा जन्म बंदरावर मासळी विकण्यात गेलेला. लाज हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. रोज सकाळी केस विंचरून विचारायची, "सनोक, आज मी कोण?"

"आज तू लॉटरी लागलेली बाई."

"किती लागली?"

"भरपूर."

"मग तुझ्या हातचा चहा कशाला पिऊ?" म्हणायची आणि हसायची. तेवढ्यात मी फोटो घेऊन टाकायचे.

गेल्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिन्यात म्हातारी माणसं कफन शिवून ठेवतात आणि मेल्यावर श्राद्धाला ठेवायचा आपला फोटो काढून घेतात. जिवंतपणी काढला तर आयुष्य वाढतं म्हणतात. आईने स्वतःच पेटीतून फिकट हिरवा रेशमी हानबोक, आमचा पारंपरिक पोशाख, काढला आणि पडद्यासमोर बसली. त्या दिवशी तिने कुठलंही नाटक केलं नाही. कॅमेऱ्याकडे असं बघितलं, जसं शाळेतून यायला उशीर झालेल्या पोराची वाट बघावी. तीस वर्षांत मी काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो. तो मी मोठा करून कपाटात ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण हात शिवशिवले. तो मी बाजारात टांगला.

करारावर सहीऐवजी आईचा शिक्का लागतो. तिने विचारलं, "कशावर मारतेय मी हा?"

"तुझा चेहरा कुणीही, कुठेही, कितीही वेळा, कायमचा वापरू शकतो यावर."

"वापरू दे की. झिजतोय थोडाच," म्हणाली आणि शिक्का मारला.

मग कीवर्ड. फोटोखाली पन्नास शब्द लिहिता येतात आणि जितके जास्त शब्द तितका फोटो लोकांना जास्त सापडतो. कमी शब्द लिहिणारा फोटोग्राफर उपाशी मरतो, असं आमच्यात म्हणतात. मी लिहिलं: आजी, आई, हानबोक, हसू, माया, सण, सुरकुत्या, कोरियन, पांढरी पार्श्वभूमी. सेहेचाळीसवर अडले. चार जागा रिकाम्या होत्या. मी लिहिलं: आठवण, विरह, ओढ, दिवंगत आई. आई शेजारच्या खोलीत बोंबलाएवढ्या मासळीची डोकी खुडत बसली होती, तिचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. हात जरासुद्धा अडखळला नाही माझा. ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

या वर्षी वसंतापासून आईचं जेवण कमी झालं. आधी वाटलं हवा बदलली. मग बघितलं की आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, ती मध्येच थांबायची. हातातलं काम तसंच. नजर दारावर. आणि तोंड हलत असायचं, चावल्यासारखं, आत काही नसताना. चहा निवायला लागतो तेवढा वेळ. मग दचकून उठायची आणि म्हणायची, "झालं."

त्यानंतर दोन दिवस ती अन्नाला शिवायची नाही.

"आई, दोन घास तरी खा."

"पोट भरलंय गं."

"कशानं? सकाळपासून नुसतं पाणी प्यायलीस."

"जेवून आले."

"कुठे?"

"ते मला काय माहीत. घर लोकांचं होतं. भात बरा होता, मासा शिळा. भिंतीला निळा पंखा होता, एका पात्याला चिकटपट्टी लावलेली."

मी समजले, म्हातारपणाने डोक्यात शिरकाव केला. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, पोटाची चित्रं काढली आणि 'वयोमानाप्रमाणे' असं सांगितलं. वयोमान हे डॉक्टरांचं सगळ्यात आवडतं निदान, त्याला औषध द्यावं लागत नाही. वसंतात आईचं वजन सेहेचाळीस किलो होतं. ऑगस्ट संपताना अडतीस. तिला आंघोळ घालताना माझ्या हाताला फासळ्या मोजता यायच्या, आणि तिच्या श्वासाला धुपाचा वास यायचा. आमच्या घरात वडिलांच्या श्राद्धाखेरीज धूप लावत नाहीत.

माझे फोटो कोण फुकट वापरतं हे बघायला मी महिन्यातून एकदा एकेक फोटो शोधायला टाकते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो हिरव्या हानबोकाचा टाकला. एका बाईच्या ब्लॉगवर सापडला. वर लिहिलं होतं, 'पंचाहत्तर वर्षांनी आमच्या सासऱ्यांना आईचा चेहरा मिळाला.' खाली श्राद्धाच्या ताटाचा फोटो. देठाकडून कापलेली सफरचंदं, पेअर, सुकं मटण, अख्खा मासा, भाताच्या वाटीत उभा खोचलेला चमचा. आणि त्या सगळ्याच्या मागे, काळी फीत लावलेली, माझी आई.

बाजूच्या भिंतीवर निळा पंखा होता. पात्याला चिकटपट्टी.

मी तो फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. शेजारच्या खोलीत आई खोकली तेव्हा मी खुर्चीतून उडाले.

त्या बाईने कंपनीचं नाव लिहिलं होतं. मी फोन लावला आणि कुठला फोटो ते सांगितलं. प्यो नावाचा माणूस बोलला, आवाजात अगदी तूप.

"चौदा नंबर? अहो ताई, तो तुम्ही काढलाय? आमचा सगळ्यात चालणारा चेहरा आहे तो!"

"चालणारा म्हणजे?"

"युद्धात ज्यांचे आईबाप गेले त्यांच्याकडे फोटो नसतात ना. बिचारे नाव लिहिलेल्या कागदापुढे डोकं टेकतात. आम्ही त्यांना विचारतो, चेहरा गोल होता की उभा, डोळे कसे होते. मग वीस चेहरे दाखवतो. निवडतात त्यांचे ते. चौदा नंबर त्रेसष्ट घरांत गेलाय. लोक बघूनच रडायला लागतात."

"प्योसाहेब, ती बाई जिवंत आहे."

"अभिनंदन," म्हणाला.

"ते फोटो परत घ्या."

"कसे घेणार? परवाना कायमचा आहे, तुम्हीच दिलाय. आणि रागावू नका ताई, पण 'दिवंगत आई' हे तुम्हीच लिहिलंय खाली. आम्ही कुणाला मारलेलं नाही."

मी फोन ठेवला. बाजारातून मी तो फोटो दोन मिनिटांत काढून टाकला. पण विकलेलं विकलेलंच राहतं. विकतचं श्राद्ध म्हणतात ते हेच, फक्त ते मी स्वतःच्या आईच्या नावाने घेतलं होतं.

आईला सांगणं भाग होतं. ती अंथरुणावर उशीला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं, कीवर्डसुद्धा. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे तू मला मेलेली म्हणून विकलीस," ती म्हणाली.

मी रडायला लागले.

"रडतेस काय घोडे! पन्नास वर्षं मी शिळी मासळी ताजी म्हणून विकली, तू ताजी शिळी म्हणून विकलीस. आपल्या घराण्याचाच धंदा आहे." मग तिचं हसू मावळलं. "तरीच. तरीच मला उठता येत नाही."

"कुठून?"

"ताटावरून. बोलावतात, मी जाते. दोनदा वाकतात, दारू ओततात, भातात चमचा खोचतात. मग सगळी बाहेर जातात आणि दार लोटून घेतात, मला निवांत जेवता यावं म्हणून. नंतर बाहेरून कुणीतरी तीनदा खाकरतं, म्हणजे आटपा आता. ते सगळं ठीक आहे. पण ते बाहेर गेले ना, की ती आत येते."

"कोण ती?"

"प्रत्येक घरी वेगळी. ताट तिचं असतं. मी बसलेली असते म्हणून तिला बसता येत नाही. जवळ येऊन उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे बघते. प्रत्येक घासाला. बोलत नाही. मी म्हणते, बाई, ये, तूच बस. पण फोटो माझा आहे ना, मला उठवत नाही आणि तिला बसवत नाही." आईने शाल गळ्यापर्यंत ओढली. "त्यांचं अन्न माझ्या अंगी लागत नाही, आणि माझं मला जात नाही. चुसॉक कधी आहे गं?"

"अठरा दिवसांनी," मी म्हणाले. चुसॉक म्हणजे आमचा नव्या पिकाचा आणि पितरांचा सण.

"चुसॉकला सगळी घरं एकाच सकाळी ताट मांडतात." ती बोटं मोजायला लागली. "चौसष्ट घरं."

"त्रेसष्ट. प्योने सांगितलं."

"जाणारी मी, का तो? चौसष्ट." ती माझ्याकडे बघत राहिली. "एका घरी जाऊन परत येते मी. चौसष्ट जणांनी एकदम ओढलं तर परत यायला काय उरेल, सनोक?"

तिचा हात माझ्या हातात होता आणि त्यात वजनच नव्हतं. अठरा दिवस होते आणि काय करावं हे मला सुचत नव्हतं.

त्या ब्लॉगवाल्या सुनेला मी पत्र लिहिलं. तिने पत्ता दिला, बुआनजवळचं एक गाव, गाडीने तासाचा रस्ता. सासऱ्यांचं नाव मेंग गी-थेक, वय एकोणऐंशी. मी एकटी निघाले होते, पण आई दारात चपला घालून उभी.

"तू कशाला? उभं राहवत नाहीये तुला."

"त्या घरी मी दोनदा जेवलेय. निदान एकदा स्वतःच्या पायांनी जाऊ दे."

मेंग अंगणात चटईवर लाल मिरच्या पसरत होते. उंच, वाकलेला, कानात श्रवणयंत्र. फाटक वाजलं म्हणून त्यांनी मान वर केली. मी त्यांना दिसलेच नाही. माझ्यामागून आई येत होती, फिकट हिरव्या हानबोकात नसली तरी त्याच चेहऱ्याने, हळूहळू, माझा दंड धरून. म्हाताऱ्याच्या हातातली टोपली खाली पडली. तो मिरच्यांवरच गुडघे टेकून बसला.

"आई," तो म्हणाला. चार वर्षांच्या पोराच्या आवाजात.

"अहो उठा, मिरच्या चिरडताय," आई म्हणाली. "मी तुमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे. आई कुठली होतेय!"

सुनेने त्यांना धरून ओसरीवर बसवलं. मी जे काय आहे ते सांगितलं. सांगताना मलाच ते येड्यासारखं वाटत होतं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"पंचाहत्तर वर्षं मी कागदापुढे वाकलो," ते म्हणाले. "कागदापुढे! लोक आपल्या आईबापांच्या फोटोला म्हणतात, बघा, नातू झाला, बघा, घर बांधलं. मी कुणाला सांगायचं? आता कुठे समोर कुणी बघणारं आलं. त्या चेहऱ्याशी मी बोलतो, बाई! दोन महिन्यांपूर्वी माझं ऑपरेशन झालं ते मी आधी तिला सांगितलं. आणि तुम्ही तो परत मागायला आलात? ही गेली तर गेली, माझी तर मी चार वर्षांचा असताना गेली!"

"बाबा!" सून म्हणाली.

"बोलू दे त्यांना," आई म्हणाली. ती ओसरीच्या कडेवर बसली होती, धापा टाकत, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. ती नजर मी ओळखत होते. "तुमची आई बुटकी आहे," ती म्हणाली.

मेंग वळून आईकडे बघायला लागले.

"माझ्या खांद्याला लागेल एवढी. कपाळ मोठं. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. केस एका बाजूने जळालेत, कानापर्यंत. उजव्या भुवईत खाच आहे, तिथे केस उगवलेले नाहीत."

म्हाताऱ्याचा हात स्वतःच्या उजव्या भुवईकडे गेला. तिथे तशीच खाच होती, जन्माची. मी तोवर पाहिली नव्हती.

"आणि तिच्या कपड्यांना भाजलेल्या जवाचा वास येतो."

"जव," म्हातारा म्हणाला. "पळताना वाटेत खायला म्हणून जव भाजले होते तिने. मला तेवढंच आठवतं. चेहरा नाही, काही नाही. तो वासच. मी कुणाला कधी सांगितलं नाही हे. बायकोलासुद्धा नाही." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "रागावली आहे का माझ्यावर?"

"उपाशी आहे. उपाशी माणूस रागावत नाही. बघत राहतं नुसतं."

"कुठे आहे?"

"तुमच्या मागे. दारात."

तो वळला. तिथे काय होतं? रिकामं दार, आत कपाट, भिंतीवर निळा पंखा. पण म्हातारा बराच वेळ तिकडे बघत बसला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग तो उठला, आत गेला, माझ्या आईचा फोटो कपाटातून काढला, रुमालात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी आईच्या पुढे धरला. "घेऊन जा," म्हणाला. "आणि ती कशी दिसते ते परत एकदा सांगा. सावकाश. मी लिहून घेतो."

आईने सांगितलं. संध्याकाळ होईपर्यंत सांगत होती. नाक, बोटं, उभं राहायची ढब. म्हातारा शाळकरी पोरासारखा लिहीत होता.

निघताना कळलं की त्रेसष्ट घरांत तो चेहरा एकदमच विकला गेला होता. मेंग युद्धात पोरकी झालेल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, आणि त्यांनीच सगळ्यांना गळ घातली होती. "मीच हिला घरोघर पोचवली, मीच निस्तरतो," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेकाला फोन करायला सुरुवात केली आणि आमच्याकडे फोन यायला लागले.

ते दोन आठवडे मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. आई उशीला टेकून, फोन कानाला. मी शेजारी वही घेऊन.

"कुठलं घर तुमचं? थांबा हां. फडताळाची काच तडकलेली आहे ते? हां. तुमची आई उंच. खांदे पाडून उभी राहते. गळ्याशी तीळ. नाही, रडत नाही. तुमच्या नातीच्या केसांकडे बघते सारखी."

काहींनी शिव्या दिल्या. एका बाईने 'पोलिसांत देईन भामट्यांनो' म्हणून फोन आपटला आणि तासाभराने पुन्हा केला. या वेळी अगदी बारीक आवाजात विचारलं, "माझं नाक तिच्यावर गेलंय का?" आई म्हणाली, "नाक नाही, पाय. पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब." पलीकडे मोजा काढल्यासारखी खुडबुड ऐकू आली. मग ती बाई म्हणाली, "हो."

एकेक फोटो उतरत गेला. त्या जागी कागद आला, नाव लिहिलेला. पाचव्या दिवशी आईने पेज मागितली. नवव्या दिवशी अर्धी वाटी भात आणि किमचीच्या कोबीचा एक तुकडा. तो तुकडा ती चघळत होती आणि मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. चुसॉकच्या आदल्या दुपारी वहीत त्रेसष्टाव्या नावापुढे मी खूण केली. वजन चाळीस.

"संपलं," मी म्हटलं.

"एक राहिलं," आई म्हणाली.

"आई, कुणीच राहिलं नाही. प्योला तीनदा विचारलं. मेंगकाकांनी यादी ताडून पाहिली."

"ते घर कधी स्पष्ट दिसत नाही. धुकं असल्यासारखं असतं. पण तिथून बोलावणं येतं." ती थकली होती. "एकच आहे. एका घरी जाऊन परत येते मी, तुला सांगितलंय."

तरी मी झोपले नाही. एका घराचं मला काय भय वाटावं? पण ते कुणाचं हे ठाऊक नव्हतं, आणि तिथे दारात कोण उभी असेल हे तर मुळीच नव्हतं.

चुसॉकची सकाळ स्वच्छ होती. वडिलांचं ताट मांडलं, वाकले, उचललं. मग आम्ही दोघी जेवायला बसलो. नव्या तांदळाच्या पिठाचे, तिळाचं सारण भरलेले सोंगप्योन, सुरणाचा रस्सा, तळलेली मासळी. आईने एक सोंगप्योन तोंडात टाकला, चावला, गिळला. दुसरा उचलला.

आणि थांबली. नजर दारावर. तोंड हलायला लागलं.

मी तिचा हात धरला. तो बर्फासारखा झाला. मी हाका मारल्या, हलवलं, गालावर चापटी मारली. काही नाही. बाहेर शेजाऱ्यांची पोरं हसत होती. मी तिचा हात छातीशी धरून बसले आणि मोठ्याने म्हणत राहिले, मी लिहिलं, चूक माझी, मला घ्या, मला घ्या. कुणाला म्हणत होते कोण जाणे. नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. तिच्या तोंडाचं हलणं मंद होत गेलं आणि मला वाटलं, संपलं.

मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. माझे केस, कपाळ, हात.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"त्याच घरी. आज स्पष्ट दिसलं."

"दारात कोण होतं?"

"कुणी नव्हतं," आई म्हणाली. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. "मी वाट बघितली. सगळीकडे असते एक, इथेही येईल म्हटलं. कुणी आलं नाही. ती जागा माझीच होती."

मी तिचा हात सोडला नाही.

"एकच बाई होती घरात. एकटीच वाकली. गुडघे दुखत होते तिचे, उठताना भिंत धरली. मग बाहेर जायचं सोडून तिथेच बसून राहिली, माझ्या ताटासमोर, आणि बोलत राहिली. म्हणाली, माफ कर." आईने हात वर करून माझ्या कपाळावरची काळी बट मागे सारली. "तिथे तुझे केस पार पांढरे झालेत गं, सनोक. एकही काळा नाही राहिला."

मी तिच्या मांडीत डोकं घातलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि हात ऊबदार होत चालला होता.

"केलं तुला माफ, तिथेच," ती म्हणाली. "पोटभर जेवले. रस्सा मात्र खारट केला होतास." मग तिने आपली वाटी माझ्यापुढे सरकवली. "वाढ आता. भूक लागलीय."

मी डोळे पुसले आणि तिला वाढलं.